शुक्रवारची यादी

मंगळवारी सकाळी नऊला पाच कमी असताना मी कॉफीचा कप घेऊन ऑफिसच्या कॉरिडॉरमधल्या मोठ्या पडद्यासमोरून चाललो होतो, आणि पडद्यावर माझी मुलगी पडली. आधी ती डावीकडे झेपावली, चेंडू उचलला, उजवा पाय जमिनीला टेकला तो तसाच राहिला आणि बाकीची ती फिरली. गुडघा ज्या बाजूला वळत नाही त्या बाजूला वळला. मग ती लाकडी फरशीवर आडवी होती आणि ओरडत होती. नऊ सेकंद. खाली कोपऱ्यात आमच्या कंपनीचं निळं चिन्ह होतं. गेल्या आठवड्यात सगळ्यांत जास्त पाहिलेल्या दहा क्लिपा त्या पडद्यावर दिवसभर फिरत असतात आणि पहिल्या नंबरची लागोपाठ दोनदा दाखवतात, म्हणून ती पुन्हा उभी राहिली आणि पुन्हा पडली. मी जागचा हललो नाही. कॉफी बोटांवर सांडली होती, ते नंतर बोटं चुरचुरायला लागल्यावर कळलं.

पडद्याशेजारी विक्री विभागातला थोर्स्टन हातातला ब्रेत्सेल पाव खात उभा होता. आवाज त्यानंच मोठा केला होता. "बघितलंत, हेर रणदिवे? चार दिवसांत चार लाख! बायकांच्या व्हॉलीबॉलला!" हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. मग त्यानं मान तिरकी करून विचारलं, "ही ओरडते काय पण? कुठली भाषा आहे?" मी म्हणालो, "माहीत नाही." एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या आहेत, वकिली शिकलेला माणूस आहे, पण इतकी चटकन थाप मी कधी मारली नव्हती. तिचा चेहरा क्लिपमध्ये नीट दिसतच नाही, केस तोंडावर आलेत. अंगावर नाव नाही, नुसता अकरा नंबर. ती 'आई गं' म्हणून ओरडली होती. ओहायोतल्या कुठल्याशा गावातल्या व्यायामशाळेत, हजारभर अमेरिकन माणसांसमोर, 'आई गं'. आणि ही मुलगी इयत्ता तिसरीपासून माझ्याशी जर्मन बोलते. मी मराठीत विचारायचं, तिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असं आमच्या घरात बारा वर्षं चाललंय. मला वाटलं होतं, मराठी तिच्यातून पुसून गेली. ती गुडघ्यात होती.

खोलीत जाऊन दार लावलं आणि घड्याळाकडे बघत बसलो. इथे नऊ म्हणजे तिथे पहाटेचे तीन. दोन वाजेपर्यंत थांबायला हवं होतं. खिडकीबाहेर उंटरश्लाइसहाइमची तीच ओळीनं उभी ऑफिसं, ओलं पार्किंग, आणि म्युनिककडे जाणारी एस-बान लोकल. सगळं जिथल्या तिथे. मला त्याचाच राग आला. रविवारी संध्याकाळी मी इराशी बोललो होतो. ठरलेलं असतं, सहाला मी फोन करतो, पाचसात मिनिटं बोलतो, मग बायकोकडे, कुंदाकडे देतो आणि कुंदा फोन घेऊन आतल्या खोलीत जाते. इराचा आवाज बरा होता. म्हणजे मला बरा वाटला होता. क्लिपवर तारीख गुरुवारची होती. म्हणजे रविवारी तिचा गुडघा मोडलेला होता आणि तिनं मला सांगितलं नाही. का सांगितलं नाही? मी रागावेन म्हणून? मी तिच्यावर कधी रागावलो? मी आठवून बघायला लागलो, आणि लक्षात आलं की रागावल्याचं आठवत नाही तसं दुसरंही फारसं काही आठवत नाही. ती नऊ वर्षांची असताना तिला घेऊन पहिल्यांदा क्लबात कुंदा गेली. सामन्यांना कुंदा गेली. मी हॉलबाहेर गाडीत बसून फायली वाचायचो, कारण चेंडू आपटल्याचा आवाज मला सोसायचा नाही. अभिमान मात्र पुरेपूर. मुलीला अमेरिकेतल्या कॉलेजानं खेळावर शिष्यवृत्ती देऊन बोलावलं, हे मी पुण्यातल्या झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं होतं.

आमचा धंदा सरळ आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांचे सामने तिथं टीव्हीवर दिसतात. युरोपात इंटरनेटवर दाखवायचे हक्क आम्ही विकत घेतो. बघणारे म्हणजे इथल्या तळांवरचे अमेरिकन सैनिक, घरची आठवण येणारे इंजिनिअर, आणि कुणाच्याही पडण्यावर हसणारी सगळी दुनिया. वर्गणी येते, जाहिरात येते, कॉलेजाला वाटा जातो, आम्हाला उरतं. खेळणाऱ्यांना काही मिळत नाही. ते विद्यार्थी असतात, आणि विद्यार्थ्याला विद्या मिळते. करारात हेच जरा लांबण लावून लिहिलेलं असतं. ते लांबण मी लावतो. दोन हजार आठ साल, नोव्हेंबर. बँका कोसळत होत्या, आणि आमच्याकडे मात्र या छोट्या क्लिपांनी हात दिला होता. अख्खा सामना बघायला माणसाला वेळ नाही, नऊ सेकंद कुणाकडेही असतात. आणि कुठलीही क्लिप माझ्या सहीशिवाय बाहेर जात नाही. त्या सहीला फ्रायगाबे म्हणतात. "बापाच्या सहीशिवाय या कंपनीत पान हलत नाही," असं मी घरी जेवताना शंभरदा म्हटलं असेन.

तेव्हा साडेनऊच्या सुमाराला मला ते सुचलं. मी गेल्या शुक्रवारची यादी उघडली. दर शुक्रवारी दुपारी संपादकांकडून आठवड्याच्या क्लिपांची यादी येते, चाळीस-पन्नास ओळी. मी तीन रकाने बघतो: सामना, तारीख, कराराचा नंबर. जुळलं की खूण. शेवटी एक सही, सगळ्या यादीला मिळून. क्लिप मी बघत नाही. बघणं संपादकांचं काम, मी कागदाचा माणूस. ओळ एकतीस: व्हॉलीबॉल, महिला, गुडघा, नऊ सेकंद. कॉलेजाचं नाव होतं. माझ्या मुलीच्या कॉलेजाचं नाव मी वाचलं होतं, पुढचा नंबर जुळवला होता आणि खूण केली होती. मला तो शुक्रवार आठवला. फायराबेंटची, म्हणजे काम संपवून सुटायची, घाई होती, पावणेपाचची एस-बान गाठायची होती आणि मी ती गाठली. घरी गेलो तर कुंदानं विचारलं, "अहो, आज ऑफिसात काही विशेष?" मी म्हणालो, "छे, नेहमीचंच."

आता एकच गोष्ट करायची होती. इराला कळायच्या आत ती क्लिप काढून टाकायची. ती कॉलेजातली मुलगी, आजारी, पायाला पट्टे बांधलेली, कशाला बघत बसेल असलं काही? तिनं बघितलं नसेल. आणि बघितलं तरी त्यामागे माझी सही आहे हे तिला कशाला कळेल? दुपारी दोनपर्यंत क्लिप नाहीशी झालेली असेल, मग मी फोन करेन, कसा आहे पाय विचारेन. मला कसं कळलं ते तेव्हाचं तेव्हा बघू. मी घरी फोन लावला. वाजून वाजून थांबला. कुंदा तुर्की भाजीवाल्याकडे गेली असेल असं वाटलं. काल तिनं डझनभर पोळ्या जास्त लाटल्या होत्या आणि मी विचारलंही होतं, कोण येणार आहे का? ती म्हणाली होती, "असू द्यात, लागतात." खरं म्हणजे ती घरी नव्हती ते बरंच झालं. तिला काय सांगणार होतो?

अकराच्या बैठकीत थोर्स्टननं ती आनंदाची बातमी दिली. गुडघेदुखीवरचं मलम विकणारी एक कंपनी त्या क्लिपच्या आधी पंधरा सेकंदांची जाहिरात लावायला तयार होती. सबंध हिवाळाभर. इटली, स्पेन, पोलंड, सगळीकडे. फक्त जाहिरातीसाठी वेगळी फ्रायगाबे हवी, चारच्या आत. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्या प्रमुख फ्राउ ब्रांडमायर म्हणाल्या, "आल्झो, मग काय ठरलं, हेर रणदिवे?" मी म्हणालो, जाहिरातीसाठी वापरायचं तर त्या मुलीची स्वतःची संमती बघावी लागेल. ती आल्याशिवाय मी सही करणार नाही. हे म्हणताना माझा आवाज चांगला खणखणीत होता. मला वाटलं, सापडली फट. अमेरिकेतून कागद यायला आठवडा जाईल, तोवर लोक दुसरं काही पडताना बघतील. थोर्स्टन नुसता हसला. खेळाडूंचे संमतीचे कागद कॉलेजांनी कराराबरोबरच पाठवलेले असतात, म्हणाला. सर्व्हरवर आहेत, मी काढतो. आणि हा करारसुद्धा मीच केला होता.

दहा मिनिटांत त्यानं कागद पडद्यावर लावला. इरा श्यामकांत रणदिवे. वय सतरा. विद्यार्थिनीचं नाव, चेहरा, आवाज आणि खेळाचं चित्रण सर्व माध्यमांत, सर्व देशांत, कायमचं वापरण्यास पालकाची संमती. खाली माझी सही. ती सही या खोलीतला प्रत्येक माणूस ओळखतो, कारण दर शुक्रवारी तीच यादीखाली असते. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एक करडा डाग होता. बाकीच्यांना तो स्कॅनच्या यंत्रातला मळ वाटला असेल. ते कुंकू होतं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात शिष्यवृत्तीचे कागद आले तेव्हा कुंदानं तो गठ्ठा आधी स्वयंपाकघरातल्या देवासमोर ठेवला, वरच्या पानाला हळदकुंकवाचं बोट लावलं, पंचांग बघून सकाळी सात चाळीसची वेळ काढली, आणि मी आंघोळ करून, पाटावर नाही पण खुर्चीवर पूर्वेकडे तोंड करून बसून, जिथं जिथं पिवळी चिठ्ठी होती तिथं सही करत गेलो. इरा समोर उभी होती. तिनं जर्मनमध्ये विचारलं होतं, "वाचणार नाहीस?" आणि मी हसून म्हणालो होतो, "शुभ कागद गं हे. शुभ कागद वाचतात का?" परक्याच्या करारातला स्वल्पविराम मी सोडत नाही, लोक मला त्याचे पैसे देतात. आणि पोटच्या पोरीचा कागद मी देवाच्या भरवशावर टाकला. मुहूर्त मात्र चुकू दिला नाही.

थोर्स्टनचा चेहरा उतरला. त्याला एक तीन वर्षांची मुलगी आहे. फ्राउ ब्रांडमायरनी सगळ्यांना बाहेर पाठवलं, दार लावलं, आणि माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. त्यांनी विचारलं, "तुम्हाला शुक्रवारी माहीत होतं?" मी म्हणालो, "नाही." मग त्या म्हणाल्या, काढायची तर काढता येईल, पण वाटेल तशी नाही. अख्खी शुक्रवारची फ्रायगाबे मागे घ्यावी लागेल, आणि कारण लिहावं लागेल. "खरं कारण, हेर रणदिवे. वरचे लोक ते वाचतील." न बघता मंजूर केलं, हे ते खरं कारण. आजवरचा प्रत्येक शुक्रवार मग कुणीतरी उघडून बघणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. त्यांचा आवाज मऊ होता. मला तो मऊपणा झेपला नाही. मी थँक्यू म्हणून उठलो, तेही इंग्रजीत.

खोलीत येऊन मी तो फॉर्म उघडला. कारण, असं लिहिलेल्या चौकोनात कर्सरची काठी लुकलुकत होती. मी वीस मिनिटं तिच्याकडे बघितलं असेल. मग लिहिलं, "तांत्रिक चूक." दोनच शब्द. पाठवून दिलं. कुणी काही विचारलं नाही. दीड वाजता कॉरिडॉरमधल्या पडद्यावर पहिल्या नंबरला एक बास्केटबॉलचा चेंडू कुणाच्या तरी डोक्यावर आपटत होता. मला इतकं हलकं वाटलं की मी डबा उघडून जेवलोसुद्धा. चवळीची उसळ होती. मी ती चवीनं खाल्ली, हे मला आज लिहिताना लाज वाटते, पण खाल्ली.

दोनला फोन लावला. दुसऱ्याच घंटेला तिनं उचलला. मी म्हणालो, "इरा, बाबा बोलतोय. कसा आहे गं पाय?"

तिच्यामागे कुठलंसं यंत्र टिकटिकत होतं.

"पाच दिवस लागले," ती म्हणाली, मराठीत. तिची मराठी जड होती, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी. "मंगळवार आहे ना आज? गुरुवारी पडले मी."

"मला आज कळलं, बाळा. आज सकाळी. खरं सांगतो."

"शुक्रवारी ती क्लिप आली. मुलींनी दाखवली. कोपऱ्यात तुमचा लोगो होता." मग पुढचं ती जर्मनमध्ये भरभर बोलत गेली. लोगो बघून तिला बरं वाटलं होतं, म्हणाली. विचित्र आहे, पण बरं वाटलं. कारण बाबाच्या सहीशिवाय तिथं काही जात नाही. म्हणजे बाबानं बघितलंय. म्हणजे आता बाबाचा फोन येईल. शुक्रवारी तिनं फोन उशाशी ठेवला. शनिवारी ठेवला. आईला तिनं गुरुवारीच सांगितलं होतं. आई म्हणाली, मी त्यांना काही सांगत नाही, त्यांनी बघितलं असेल तर ते आपणहून बोलतील, त्यांना बोलायला वेळ लागतो. "रविवारी तुझा फोन आला. तू विचारलंस, तिकडे थंडी पडली का. मी म्हणाले, हो, पडली. मग तू म्हणालास, स्वेटर घालत जा."

मी म्हणालो, "काढली मी ती. क्लिप काढून टाकली, इरा. आजच."

"बाबा, ती आता सगळीकडे आहे. तुमच्याकडून काढून काय होणार?" तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला काहीतरी करता आलं असतं. "मला एकच सांग. तू बघून सही केलीस की न बघता?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण दोन्हीकडे वाईटच पदरात पडणार, हे मला दिसत होतं. बघून केली म्हणावं, तर पोरीला पडताना बघून बाप खूण करून एस-बान गाठायला गेला. न बघता म्हणावं, तर बापानं बघितलंच नाही. शुक्रवारी नाही आणि कधीच नाही.

"न बघता," मी म्हणालो.

"मी आईला तेच म्हणत होते," इरा म्हणाली. "ती काल रात्रीपर्यंत भांडत होती माझ्याशी. नाही गं, त्यांनी बघितलंय, त्यांना जेवण जात नाहीये. काल तिनं तुला सरळ विचारलं म्हणे, ऑफिसात काही विशेष?"

विचारलं होतं. शुक्रवारी, रविवारी आणि काल. काल मी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता मान हलवली होती. मी म्हणालो, "आईला दे ना निरोप, ती फोन उचलत नाहीये."

"आई विमानात आहे. सकाळी अकराचं. संध्याकाळी पोचेल इथे." कुंदा एकटी कधी ऑग्सबुर्गच्या पुढे गेलेली नाही. विमानात बसायचं तर बोर्डिंग पासही माझ्या खिशात असतो. सकाळी तिनं मला डबा दिला, दारात उभी राहून "जपून जा हं" म्हणाली, आणि मी तिच्याकडे न बघता "हो" म्हणून जिना उतरलो. तेव्हा तिची बॅग आतल्या खोलीत भरलेली असणार. "उद्या सकाळी ऑपरेशन आहे," इरा सांगत होती. "कागद आले आत्ता, सहीचे. चौदा पानं आहेत."

"सही करू नकोस," माझ्या तोंडून एकदम निघालं. "आधी वाच. सगळं वाच."

"वाचतेच आहे. तुझा फोन आला तेव्हा वाचत होते."

"मला वाचून दाखव," मी म्हणालो. "पहिल्यापासून. मी ऐकतो."

कागद सरकल्याचा आवाज आला आणि ती इंग्रजीत वाचायला लागली, शाळेत वाचत असेल तशी, थांबून थांबून. भूल कशी देणार. रक्त लागलं तर. संसर्ग झाला तर. गुडघा पूर्वीसारखा वाकेल याची हमी नाही. पुन्हा स्पर्धेत खेळता येईल याची हमी नाही. हे वाक्य तिनं बाकीच्या वाक्यांसारखंच वाचलं आणि पुढे गेली. दारावर टकटक झाली, थोर्स्टन असावा, मी उठलो नाही. पाचव्या पानावर नातेवाइकांची माहिती होती. तातडीच्या वेळी कळवायचं नाव: कुंदा रणदिवे, नातं आई, आणि आमच्या घरचा नंबर तिनं सबंध वाचला. मग, दुसरं नाव.

मी थांबलो होतो.

"इथे मी काही लिहिलेलं नाहीये," इरा म्हणाली, आणि पान उलटून सहावं वाचायला लागली.